वाडग्यात पांढरा, डोक्यावर काळा

क्रीम कलपाचा डबा उघडला की आतून एक ट्यूब निघते आणि एक बाटली. ट्यूबमधलं मलम पांढरट असतं, बाटलीतलं डेव्हलपर दुधासारखं. दोन्ही वाडग्यात कालवलं तरी रंग पांढराच राहतो. घरी पहिल्यांदाच केस काळे करायला बसलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. दुकानदाराने भलताच डबा तर दिला नाही ना, असं त्याला वाटतं. मग दहा मिनिटांत वाडग्याची कड तपकिरी व्हायला लागते, ब्रशच्या टोकावर जांभळट छटा चढते आणि अर्ध्या तासाने बेसिनवर उडालेला थेंब काळाकुट्ट झालेला असतो.

काळा रंग त्या डब्यात नसतोच. डब्यात असतो त्याचा कच्चा माल. रंग बनतो आपल्या डोक्यावर, तोही केसाच्या आत. एवढी एक गोष्ट नीट कळली, की सूचनांच्या घडीपत्रावरच्या सगळ्या नियमांमागचं कारण कळतं. घड्याळ लावून का बसायचं, हातमोजे का घालायचे, उरलेलं मिश्रण का ठेवायचं नाही आणि दोन दिवस आधी कानामागे एक ठिपका का लावायचा, हे सगळं त्यातूनच येतं. आणि ही युक्ती आजची नाही.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचं नाव आपण ज्योतिषाशी जोडतो. पण त्याच्या ‘बृहत्संहिते’त ‘गन्धयुक्ति’ नावाचा एक अध्याय आहे. अत्तरं, धूप, मुखवास यांच्या कृतींचा हा अध्याय सुरू होतो तोच केस काळे करण्यापासून. वराहमिहिराचं कारण सरळ आहे: डोकं पांढरं असेल तर हार, सुगंध, वस्त्रं, दागिने काहीच शोभत नाही, म्हणून आधी केसांकडे बघा. कृती अशी. लोखंडी भांड्यात कोद्रूचे दाणे आंबलेल्या द्रवात लोहचूर्णासह शिजवायचे आणि बारीक वाटायचे. केसांनाही तोच आंबट द्रव लावून घ्यायचा, वर हा लेप थापायचा आणि ओल्या पानांनी डोकं गुंडाळून दोन प्रहर बसायचं. मग तो काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. त्यानंतर डोकं धुतलं की केस काळे. शेवटी लोखंडाचा आणि आंबट वास जावा म्हणून सुगंधी तेलं. एकूण बारा तासांचं काम.

ही कृती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो, कारण यातली एकही पायरी वायफळ नाही. आंबट द्रव लोखंड विरघळवतो आणि ते केसात मुरतं. आवळ्यात टॅनिन भरपूर असतं. लोह आणि टॅनिन एकत्र आले आणि त्यांना हवा मिळाली, की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई याच तत्त्वावर बनायची. श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत आजही गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात आणि आधी हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्याच पाण्याने काळ्या रेघा ओढतात. लेखणी उचलली तेव्हा फिकी असलेली रेघ कापडावर काळी होत जाते. वराहमिहिराने आधी लोह आणि मग आवळा अशा दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्या, त्या एवढ्यासाठी की काळा रंग भांड्यात न बनता केसावर बनावा.

आपल्या घरांतली मेंदीची लोखंडी कढई याच घराण्यातली. माझ्या आईकडे फक्त मेंदीसाठी राखलेली एक कढई होती. तिच्यात भाजी कधी झाली नाही. रात्री मेंदी, आवळकाठीची पूड, चहाचं उकळून गाळलेलं पाणी आणि थोडा कात घालून ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायची. सकाळी मेंदीवर काळसर साय धरलेली असायची. ती साय म्हणजे आवळकाठीतलं, चहातलं टॅनिन आणि कढईतलं लोह. तिचा थोडा उपयोग होतो, केसाचा रंग नक्कीच गडद होतो. पण खरं सांगायचं तर कढईतल्या मेंदीने पांढरे केस काळे होत नाहीत, गडद तांबूस होतात. एक कारण हे, की काळा रंग बराचसा कढईतच बनून गेलेला असतो. बनून बसलेले मोठे कण केसात शिरत नाहीत, वर बसतात आणि दोन धुण्यांत जातात. दुसरं कारण मेंदी स्वतः. तिच्या पानातलं लॉसोन नावाचं द्रव्य केसातल्या केराटिनला पक्कं चिकटतं, पण त्याचा मूळ रंगच नारिंगी. पांढऱ्या केसावर नुसती मेंदी लावलेलं डोकं उन्हात कसं पेटतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्या नारिंगीला काळ्याकडे नेण्याचा वनस्पतीतला खरा मार्ग म्हणजे नीळ. चंपारणच्या शेतकऱ्यांवर जिच्या लागवडीची सक्ती होती आणि जिच्यासाठी १९१७ साली गांधीजी तिथे गेले, त्याच जातकुळीतलं हे झुडूप. बाजारात निळीच्या पाल्याची हिरवट पूड मिळते. पानात निळा रंग तयार नसतो. पूड कोमट पाण्यात कालवली की तिच्यातून एक बिनरंगी द्रव्य सुटतं आणि हवा लागली की ते निळं होतं. म्हणून नीळ मेंदीसारखी रात्रभर भिजवायची नाही. कालवली, दहा-पंधरा मिनिटं थांबलं, की लगेच लावायची. तासभर उशीर झाला तर निळा रंग वाडग्यातच बनून बसतो आणि केसाच्या वाट्याला काही येत नाही. तिच्यात लिंबू, दही, आंबट काहीही नको.

क्रम असा: आधी मेंदी लावून धुवायची, मग नीळ. नारिंगीवर निळा चढला की काळा. मेंदीशिवाय थेट पांढऱ्या केसावर नीळ लावली तर निळसर राखाडी केस घेऊन बसावं लागतं. मेंदी आणि नीळ एकत्र कालवली तर तपकिरी येतो, आणि पुष्कळांना तोच जास्त शोभतो. नीळ धुतल्यावर केस आधी हिरवट दिसतात, तेव्हा घाबरून शांपूची बाटली उचलायची नाही. दीड-दोन दिवस हवा लागू द्यायची. रंग स्वतःहून गडद होतो. या सगळ्याला सुट्टीचा अख्खा दिवस लागतो आणि केसांना तेलाचा अंशही चालत नाही. आदल्या दिवशी तेल लावून मेंदीला बसणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ‘काळी मेंदी’ नावाचं झाड नाही. मेंदी काळी नसते, कधीच नसते. पाकिटावर हिरवी पानं छापलेली असोत नाहीतर ‘हर्बल’ लिहिलेलं असो, ज्या मेंदीने अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर होतात तिच्यात जवळजवळ नेहमीच रासायनिक कलप मिसळलेला असतो. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. तिथे पॅरा-फिनिलीनडायअमिन किंवा पीपीडी हे नाव दिसेल. पीपीडी वापरू नये असं माझं म्हणणं नाही, पण वापरतोय हे माहीत असावं. मेंदी समजून निर्धास्तपणे दोन तास डोक्यावर ठेवलेला कलप ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

हे पीपीडी म्हणजेच आजच्या काळ्या रंगाचा कणा. डांबरापासून मिळणाऱ्या रंगद्रव्यांवर काम करणाऱ्या युरोपीय रसायनज्ञांच्या हाती ते एकोणिसाव्या शतकात आलं. युजीन श्युलर या तरुण फ्रेंच रसायनज्ञाने १९०७ च्या सुमारास केसांचे कृत्रिम रंग बनवून पॅरिसच्या केशकर्तकांना विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली; तीच पुढे लॉरिआल झाली. तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

ते तत्त्व असं. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. अमोनिया, किंवा अमोनियाविरहित कलपात त्याच्या जागी घातलेलं दुसरं अल्कली, ही कौलं उचलतं. पीपीडीचे रेणू लहान आणि बिनरंगी. ते उघडलेल्या फटींतून आत शिरतात. बरोबर शिरतं डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. ते पीपीडीचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून एक अतिशय चंचल मधली अवस्था तयार होते आणि ती रिसॉर्सिनॉलसारख्या जोडीदार द्रव्याला पकडून मोठा, रंगीत रेणू बनवते. लहानपणी आत शिरलेलं मांजर धष्टपुष्ट झाल्यावर त्याच फटीतून बाहेर पडू शकत नाही, तसा हा रेणू केसात अडकतो. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. आणि म्हणूनच वेळ महत्त्वाची: जोडणी पूर्ण व्हायला अर्धा तास ते पाऊण तास लागतो. कंटाळून वीस मिनिटांत धुतलं तर रंग कच्चा राहतो आणि अर्धवट जोडलेले रेणू पाण्याबरोबर जातात. उरलेलं मिश्रण बाटलीत कोंडून ठेवलं तर त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटू शकते. दुसऱ्या दिवशी ते केसाला काही देतही नाही, कारण त्याचा रंग बाटलीतच बनून संपलेला असतो.

आणखी एक. कढईत लोखंड हवं होतं, इथे ते अजिबात नको. पेरॉक्साइड धातूच्या संपर्कात भराभर फुटतं, म्हणून क्रीम कलपासाठी काचेचा किंवा प्लॅस्टिकचा वाडगा घ्यायचा.

त्या चंचल मधल्या अवस्थेकडे परत येऊ, कारण धोका तिथे आहे. ती केसातल्या जोडीदाराला पकडते, तशीच त्वचेतल्या प्रथिनांनाही पकडते. काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन परकं वाटतं आणि ती ओळख मग आयुष्यभर पुसत नाही. दहा वर्षं कलप लावणाऱ्याला अकराव्या वर्षी त्रास होतो तो असा; ‘मला इतकी वर्षं काही झालं नाही’ या वाक्याला इथे अर्थ नाही. त्रासही लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी कानामागे खाज सुटते, कपाळाच्या कडेला पुरळ येतं, पापण्या सुजून डोळे मिटतात. आपल्याकडे आणखी एक रूप दिसतं: खाज थोडी आणि कपाळावर, कानशिलांवर हळूहळू पसरणारा काळसर डाग. लोक त्याला वांग समजून वर्षभर मलमं चोळतात आणि महिन्याला कलप लावत राहतात. असा डाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना कलपाविषयी आपणहून सांगा. जत्रेत, पर्यटनाच्या गावी मुलांच्या हातावर काढतात त्या झटपट काळ्या मेंदीतही बहुधा पीपीडीच असतं, तेही फार तीव्र. तिथे लागलेली ॲलर्जी पुढे तिशी-चाळिशीत पहिल्या कलपाच्या दिवशी उफाळते.

१९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यात पीपीडी होतं. तो लावलेल्या काही बायकांच्या डोळ्यांना भीषण इजा झाली, दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला. तिथल्या १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच, त्यामुळे सरकारचे हात बांधलेले होते. १९३८ च्या नव्या कायद्याने ती कक्षेत आली. केसांच्या कलपाला सवलत मिळाली, पण इशारा छापण्याच्या अटीवर. आपल्या देशातल्या नियमांनीही कलपावर तसाच इशारा सक्तीचा केला आहे: त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. डबा हातात घेतल्यावर तो मजकूर मला नुसता छापील वाटत नाही; त्यामागे त्या बायकांचे डोळे आहेत.

चाचणी सोपी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे साबणाने धुतलेल्या जागेवर वापरायच्या प्रमाणात कालवलेलं थोडंसं मिश्रण लावायचं आणि सुकू द्यायचं. नियमात चोवीस तास म्हटलं आहे. मी अठ्ठेचाळीस सुचवेन, कारण हा त्रास उशिरा दिसणारा आहे. लाली, खाज, फोड काही आलं तर तो कलप नाही, आणि ‘पीपीडीविरहित’ लिहिलेला दुसराही लगेच नाही. त्यात बहुधा पीपीडीचाच चुलतभाऊ असतो आणि शरीर दोघांत फरक करेलच असं नाही. ही चाचणी प्रत्येक वेळी घ्यायची असते. मिशीला कलप लावणाऱ्या पुरुषांनी तर नक्कीच, कारण ओठावरची त्वचा नाजूक आणि नाक अगदी जवळ. पुडी पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने मिशी रंगवायची पद्धत घरोघरी आहे. ब्रशला माझी हरकत नाही, चाचणी न घेण्याला आहे. आणि पुड्या कुलुपात ठेवा. पोटात गेलेल्या पीपीडीने घसा सुजून श्वास कोंडतो, स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होतात. असं काही घडलं तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठायचं.

आता छटा. डब्यावरच्या आकड्यांत १ म्हणजे काळा, १० म्हणजे सर्वांत फिका. आपले मूळ केस साधारण १ ते ३ मध्ये बसतात. दशांश चिन्हापुढचा आकडा झाक दाखवतो: शून्य म्हणजे बिनझाकेचा, पुढचे आकडे राखी, सोनेरी, तांबूस असे. पांढरे केस झाकायचे तर शून्यवाली छटा घ्यावी. ‘बर्गंडी’सारखी नुसती झाक पांढऱ्या केसावर भडक उठते. आणि माझा आग्रह असा, की १ घेऊ नका, ३ घ्या. वयाबरोबर चेहऱ्याचा रंगही मऊ होतो, त्याभोवती कोळशासारखा एकसुरी काळा टोपासारखा दिसतो. गडद तपकिरी केस घरात काळेच वाटतात आणि उन्हात जिवंत दिसतात. शिवाय तीनवरून एकवर कधीही जाता येतं. एकवरून तीनवर येता येत नाही. कलपावर कलप लावून केस फिके होत नाहीत, त्यासाठी आधीचा रंग ब्लीचने तोडावा लागतो, आणि ते काम घरी करू नये. डेव्हलपरही दहा किंवा वीस व्हॉल्यूमचंच पुरे, म्हणजे ३ किंवा ६ टक्के पेरॉक्साइड. गडद करायचंय, फिकं नाही.

लावायच्या दिवशी केस कोरडे, आदल्या दिवशी धुतलेले आणि बिनतेलाचे हवेत. टाळूवर नैसर्गिक स्निग्धता असली की आग कमी होते, म्हणून त्याच सकाळी न्हाऊ नका. टाळूवर जखम किंवा चट्टा असेल तर बेत पुढे ढकला. कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर व्हॅसलीनचं बोट फिरवा. केसांचे चार भाग करून चिमटे लावा. सुरुवात कानशिलांपासून आणि भांगापासून, कारण तिथले पांढरे केस सगळ्यांत हट्टी. त्यांना सगळ्यांत जास्त वेळ मिळायला हवा. पातळ पातळ बटा उचलून मुळाशी ब्रश टेका. डोक्याची मागची बाजू दिसत नाही, तिथे घरातल्या कुणाची तरी मदत मागा. नवरा-बायकोंनी एकमेकांच्या मानेवर ब्रश फिरवण्याचं हे काम पुष्कळ घरांत चालतं आणि चांगलं चालतं. वेळ झाली की थोडं कोमट पाणी घेऊन बोटांनी मालिश करा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कंडिशनर लावा. त्याच्या किंचित आम्लतेने उचललेली कौलं पुन्हा बसतात. कातडीवर डाग राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा, तोही तासाभराच्या आत.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ उगवते. बहुतेक जण इथे चुकतात: दर खेपेला मुळापासून टोकापर्यंत सगळ्या केसांवर कलप. मुळांना गरज असते, टोकांना नसते. टोकांवर वर्षभरात दहा-बारा थर साचतात, केस चरबरीत आणि निर्जीव काळे होतात. पुढच्या वेळी फक्त मुळांना लावा. टोकं फिकी वाटली तर शेवटची पाच मिनिटं मिश्रण खाली ओढा. मधल्या काळात केस लालसर दिसू लागतात, त्यात कलप खोटा असतोच असं नाही. कृत्रिम रंग थोडा उतरतो आणि पेरॉक्साइडने मूळ काळ्या केसातलं मेलॅनिनही थोडं उजळवलेलं असतं, त्याची ती झाक.

कर्करोगाची भीती बरेच जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तकाच्या व्यवसायातला रोजचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवला आहे. स्वतःच्या केसांना कलप लावण्याबाबत मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असं वर्गीकरण केलं आहे. खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत, कमी वेळा लावावा.

आणि कधीतरी पुरे वाटतं. नातवंडं झाली, नोकरी संपली किंवा नुसताच कंटाळा आला. तेव्हा काळा रंग उतरवायला कुठलाही शांपू उपयोगाचा नाही. तो केसाच्या आत बनला आहे, केसाबरोबरच जाईल. वर्षाला बारा सेंटिमीटरच्या हिशेबाने खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा आणि खाली काळे केस, असा तो काळ काढावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कलप सोडला, केस मानेपर्यंत कापले आणि पुढचं दीड वर्ष दर तीन महिन्यांनी खालचे काळे शेंडे कापत राहिल्या.